पांढरी बाजू जुळली, आता पुढे काय?

ज्या घरात रुबिकचा क्यूब आहे, तिथे तो बहुधा एकाच अवस्थेत सापडतो: एक बाजू पूर्ण पांढरी आणि बाकीच्या पाच बाजूंची खिचडी. ती पांढरी बाजू कुणीतरी दोन-दोन तास खपून जुळवलेली असते. पुढे एक थर जरी फिरवला तरी ती मोडणार, आणि मोडवत तर नाही. म्हणून क्यूब टीव्हीशेजारच्या फळीवर जाऊन बसतो. दर मे महिन्याच्या सुट्टीत मी आमच्या सोसायटीतल्या मुलांना क्यूब शिकवते. येणारं जवळजवळ प्रत्येक मूल इथेच अडलेलं असतं. सोबत आलेल्या आईचं किंवा बाबांचं वाक्यही ठरलेलं असतं, "यापुढे फॉर्म्युले पाठ करावे लागतात ना?"

करावे लागतात, थोडेसे. पण फॉर्म्युला, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, नेमकं काय करतो हे कळलं की पाठांतर अगदी कमी उरतं, आणि मधेच सगळं विस्कटलेलं दिसलं तरी धीर सुटत नाही. जवळ क्यूब असेल तर हातात घ्या. नुसतं वाचून यातलं निम्मंच पोचेल.

आधी तुकडे बघा

क्यूबवर रंगाचे ५४ चौकोन दिसतात, म्हणून आपण ५४ चौकोन जुळवायला बसतो आणि तिथेच फसतो. हलतात ते तुकडे, आणि बाहेरून दिसणारे तुकडे २६च आहेत. प्रत्येक बाजूच्या बरोबर मध्ये एकरंगी तुकडा असतो, असे सहा. प्रत्येक कडेच्या मध्ये दोन रंगांचा तुकडा, असे बारा. आणि कोपऱ्यांत तीन रंगांचे आठ. कोपऱ्याचा तुकडा कायम कोपऱ्यातच फिरतो, कडेचा कडेवरच. जन्मभर फिरवत बसलात तरी एक दुसऱ्याच्या जागी जाणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचे ते मधले सहा. ते एकमेकांच्या तुलनेत हलतच नाहीत, जागच्या जागी गोल फिरतात. हल्ली मिळणाऱ्या बहुतेक क्यूबमध्ये पांढऱ्यासमोर पिवळा, निळ्यासमोर हिरवा आणि लालसमोर केशरी असतो. म्हणजे कुठली बाजू कुठल्या रंगाची होणार हे आधीच ठरलेलं आहे. विस्कटलेला क्यूब हातात आला की मधला चौकोन बघायचा. तो लाल असेल, तर भोवती एकही लाल तुकडा नसला तरी ती लालचीच बाजू.

आता तुमची ती जुळलेली पांढरी बाजू हातात घ्या आणि तिच्या कडेने फिरून बघा. पांढऱ्या-लाल तुकड्याचा लाल भाग लाल मधल्याच्या डोक्यावर आहे का? बहुतेक वेळा नसतो. लालवर हिरवा, निळ्यावर केशरी असं काहीही असतं. वरून पांढरीशुभ्र दिसणारी ती बाजू खरं तर चुकीच्या घरांत बसलेल्या तुकड्यांची आहे. म्हणून मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, बाजू जुळवू नका, थर जुळवा. तळाचा थर, मग मधला, मग वरचा. इमारत चढवतात तसं.

मुलांना आतलं दाखवायला मी एक जुना क्यूब मुद्दाम ठेवला आहे. वरचा थर अर्धवट, तिरका फिरवून ठेवायचा आणि कडेच्या एका तुकड्याखाली अंगठ्याने जोर द्यायचा. तो टक् करून बाहेर येतो, मग बाकीचे आपोआप सुटतात. वर्तमानपत्रावर सगळे पसरले की आत उरतो सहा हातांचा एक सांगाडा. प्रत्येक हाताच्या टोकाला स्क्रू, स्प्रिंग आणि त्यावर एक मधला तुकडा. कडेच्या आणि कोपऱ्याच्या तुकड्यांना आतून छोटे पाय असतात. ते शेजाऱ्यांखाली अडकतात आणि सगळे मिळून एकमेकांना धरून ठेवतात. हे बघितल्यावर मधले तुकडे का हलत नाहीत हे कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

ही रचना एर्नो रुबिक यांची. ते बुडापेस्टमध्ये डिझाइन शिकवत असत. तुकडे सुटे सुटे फिरतील पण वस्तू सुटणार नाही असं काही करता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. १९७४ मध्ये त्यांनी लाकडाचा पहिला नमुना केला, बाजूंना रंग दिले, थोडा फिरवला आणि मग तो पूर्ववत होईना. जगातल्या त्या पहिल्या क्यूबचं उत्तर कुणालाच माहीत नव्हतं, खुद्द करणाऱ्यालाही. त्यांना तो जुळवायला महिनाभर लागला. तुम्हाला आठवडा लागला तर वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही.

नुसतं फिरवून का जमत नाही याचंही उत्तर आकड्यात आहे. क्यूबच्या शक्य असलेल्या अवस्था ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० इतक्या आहेत. सेकंदाला एक अवस्था बघायची म्हटली तर विश्वाच्या आजवरच्या वयाच्या जवळजवळ शंभरपट काळ लागेल. चुकून जुळण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

चौकडी

आता मुख्य गोष्ट. क्यूब समोर धरा. उजवीकडचा उभा थर म्हणजे "उजवा". सगळ्यात वरचा आडवा थर म्हणजे "माथा". पुढच्या चार हालचाली करा, प्रत्येक हालचाल पाव फेरीची:

उजवा वर, माथा डावीकडे, उजवा खाली, माथा उजवीकडे.

"उजवा वर" म्हणजे तुमच्या समोर दिसणारा त्याचा भाग वर जाईल असा फिरवायचा. "माथा डावीकडे" म्हणजे त्याचा समोरचा भाग डावीकडे सरकेल असा. आमच्याकडच्या मुलांनी या चार हालचालींचं नाव चौकडी ठेवलं आहे, मीही तेच वापरते. क्यूब कुठल्याही अवस्थेत असू दे, आधी त्याचा फोटो काढा आणि मग चौकडी ओळीने सहा वेळा करा. क्यूब पुन्हा फोटोतल्यासारखा होईल. मधे तिसऱ्या-चौथ्या वेळी वाटतं की वाट लागली. सहाव्याला सगळं घरी येतं.

असं का होतं? सकाळी आपण आधी मोजे घालतो, मग बूट. संध्याकाळी उलट क्रमाने काढतो, आधी बूट, मग मोजे, आणि पाय होते तसे मोकळे होतात. क्यूबवर उजवा वर आणि माथा डावीकडे केल्यावर उलट क्रमाने, म्हणजे आधी माथा उजवीकडे आणि मग उजवा खाली केलं, तर काहीच झालं नसल्यासारखं होईल. चौकडीत आपण दोन्ही गोष्टी मागे घेतो खऱ्या, पण त्याच क्रमाने. जे तुकडे फक्त उजव्याच्या किंवा फक्त माथ्याच्या वाट्याला आले, ते बहुतेक जिथल्या तिथे परततात. दोन थर जिथे एकमेकांना भिडतात तिथल्या तीन तुकड्यांमुळे मात्र घोळ उरतो. हलू शकणाऱ्या २० तुकड्यांपैकी चौकडीनंतर फक्त सात हललेले असतात, बाकी तेरा जागेवर. एवढ्या मोठ्या गोंधळात अगदी थोडंसंच बदलता येतं, आणि क्यूबची सगळी विद्या याच्यावर उभी आहे.

त्या सातांत कडेचे तीन असतात. ते संगीत खुर्चीसारखे एकेक जागा पुढे सरकतात, म्हणून तिसऱ्या चौकडीला घरी येतात. कोपरे चार. ते दोन-दोनच्या जोड्यांत जागा बदलतात, म्हणून दर दुसऱ्या चौकडीला घरी येतात, पण येताना तोंड फिरवून, एक पीळ घेऊन. असे तीन पीळ झाले की तोंडही सरळ. तीन जुळलं, दोन गुणिले तीन जुळलं, म्हणून सहा. (मागे न घेता "उजवा वर, माथा डावीकडे" एवढंच पुन्हा पुन्हा केलं तर क्यूब घरी यायला १०५ वेळा करावं लागतं. मुलांना हे करून बघायला फार आवडतं, आणि मोजताना चुकतातही.)

तळ आणि मधला मजला

सुरुवात पांढऱ्या फुलीपासून. फुली म्हणजे पांढऱ्या मधल्याभोवती कडेचे चार पांढरे तुकडे, आणि त्यांचे दुसरे रंगही आपापल्या मधल्याशी जुळलेले. सरळ करायला गेलं तर गुंता होतो, म्हणून लहान मुलांना मी वळसा घालून शिकवते. पिवळा मधला वर धरा आणि त्याच्याभोवती चार पांढऱ्या पाकळ्या आणा, शेवंतीच्या फुलासारख्या. मग एकेक पाकळी घ्या. तिचा बाजूचा रंग आपल्या रंगाच्या मधल्यासमोर येईपर्यंत माथा फिरवा, आणि ती बाजू दोनदा फिरवून पाकळी खाली पाठवा. चारही गेल्या की तळाला फुली तयार.

इथून पुढे पांढरं कायम खाली. आता पांढऱ्या कोपऱ्यांची पाळी. जो कोपरा बसवायचा तो त्याच्या घराच्या बरोबर वर, समोर उजवीकडे आणा आणि चौकडी करत राहा. एकदा, तीनदा किंवा पाचदा, तो खाली सरळ तोंडाने बसतोच. किती वेळा हे पाठ करू नका, बसला की थांबा.

मधल्या थरावर शिकणाऱ्यांची खरी परीक्षा होते, कारण इथे पहिल्यांदा जुळलेलं काहीतरी जाणूनबुजून मोडावं लागतं. मी मुलांना आजीच्या फडताळाची आठवण करून देते. मागच्या रांगेत डबा ठेवायचा असेल तर आजी पुढचा डबा बाहेर काढते, हवा तो आत सरकवते, पुढचा परत लावते. फडताळ आधी होतं तसंच दिसतं, फक्त एक डबा नवा आत गेलेला असतो.

कडेचा ज्यात पिवळा नाही असा तुकडा माथ्यावर शोधा. माथा फिरवून त्याचा पुढचा रंग समोरच्या मधल्याशी जुळवा. त्याला उजवीकडे खाली जायचं असेल, तर: माथा डावीकडे, उजवा वर, माथा उजवीकडे, उजवा खाली. इथे थांबून बघा. तळाचा एक पांढरा कोपरा वर आलेला दिसेल. हाच पुढचा डबा. आता: माथा उजवीकडे, समोरचा थर घड्याळाच्या उलट, माथा डावीकडे, समोरचा घड्याळाच्या दिशेने. कोपरा परत खाली गेला, आणि जाताना आपल्या शेजाऱ्याला बरोबर घेऊन गेला. तुकड्याला डावीकडे जायचं असेल तर हेच सगळं आरशात बघितल्यासारखं करायचं. नीट पाहिलंत तर दोन्ही अर्ध्या भागांत चौकडीच आहे, एकदा उजव्या थराशी, एकदा समोरच्या. पाठ करायला नवीन काही नाही.

माथ्याची कामं

दोन मजले झाले की वर पिवळं उरतं. आधी पिवळी फुली. वर पिवळ्या कडा किती दिसतात ते बघा: एकही नसेल, दोन असतील किंवा चार. एक किंवा तीन दिसल्या तर तुमची चूक नाही, क्यूब कुणीतरी उघडून चुकीचा जोडलेला आहे. समोरचा थर घड्याळाच्या दिशेने, मग एक चौकडी, मग समोरचा थर घड्याळाच्या उलट. हे पुन्हा फडताळच: दार उघडलं, काम केलं, दार लावलं. दोन कडा काटकोनात असतील तर त्या मागे आणि डावीकडे धरायच्या, सरळ रेषेत असतील तर रेषा आडवी धरायची. एकही पिवळी कडा नसताना सुरू केलं तरी जास्तीत जास्त तीन वेळा करावं लागतं.

फुलीच्या कडांचे बाजूचे रंग जुळवायला एक फॉर्म्युला लागतो: उजवा वर, माथा डावीकडे, उजवा खाली, माथा डावीकडे, उजवा वर, माथा दोनदा, उजवा खाली, आणि शेवटी माथा डावीकडे. शेजारच्या दोन कडा जुळलेल्या असतील तर त्या मागे आणि उजवीकडे धरून करायचा. समोरासमोरच्या जुळलेल्या असतील तर एकदा करून पुन्हा बघायचं.

मग कोपरे आपापल्या घरात नेणं. ज्याचे तीनही रंग घराशी जमतात असा कोपरा शोधा, तोंड वाकडं असलं तरी चालेल. तो समोर उजवीकडे धरा आणि करा: माथा डावीकडे, उजवा वर, माथा उजवीकडे, डावा वर, माथा डावीकडे, उजवा खाली, माथा उजवीकडे, डावा खाली. उरलेले तीन कोपरे आपसात एकेक जागा सरकतात. दोन हातांनी आलटून पालटून करायचा हा फॉर्म्युला बोटांना सगळ्यात लवकर पाठ होतो.

आता फक्त वाकडी तोंडं सरळ करायची. मला सगळ्यात आवडणारी पायरी ही, आणि सगळ्यात जास्त मुलं रडकुंडीला येतात तीही हीच. वाकडा कोपरा समोर उजवीकडे वर धरा. चौकडी करायची, पण आता माथ्याऐवजी तळाशी: उजवा खाली, तळ डावीकडे, उजवा वर, तळ उजवीकडे. दोनदा किंवा चारदा केली की त्या कोपऱ्याचं पिवळं तोंड वर येतं. खालचे दोन्ही मजले मात्र कोसळलेले दिसतात. इथे क्यूब उचलून वळवायचा नाही. नुसता माथा फिरवून पुढचा वाकडा कोपरा त्याच जागी आणायचा आणि पुन्हा तीच चौकडी. शेवटचा कोपरा सरळ झाला की खालचं सगळं एकदम जागेवर आलेलं असतं.

यात जादू कुठेच नाही. या चौकडीत माथ्यावरचा एकच कोपरा सापडतो, आणि दर दोन चौकड्यांना त्याला एक पीळ मिळतो. खालच्या भागासाठी मात्र आपण एकच चौकडी ओळीने करत आहोत, मधे माथा फिरवला हे त्याला कळतही नाही. सगळ्या कोपऱ्यांचे पीळ मिळून तिनाच्या पटीत येतात, म्हणजे चौकड्या सहाच्या पटीत, आणि सहाला सगळं घरी येतं हे आपण आधीच बघितलं.

पण पिळांची बेरीज तिनाच्या पटीतच का? कुठलाही थर पाव फेरी फिरवला की त्यातल्या चार कोपऱ्यांना एक तर पीळ बसतच नाही, किंवा दोघांना एका दिशेने आणि दोघांना उलट दिशेने बसतो. बेरजेत फरक शून्य. म्हणून एकच कोपरा वाकडा आणि बाकी सगळं सरळ, ही अवस्था फिरवून कधीच येत नाही. असेच आणखी दोन नियम कडांच्या तोंडाला आणि जागांच्या अदलाबदलीला आहेत. सगळे तुकडे सुटे करून डोळे मिटून परत जोडले, तर १२ वेळांत सरासरी एकदाच जुळू शकणारा क्यूब तयार होतो.

या पद्धतीत शंभराच्या पुढे हालचाली होतात. खरं तर कुठलाही क्यूब २० हालचालींत जुळू शकतो; २०१० मध्ये गणितज्ञ आणि प्रोग्रामरांच्या एका गटाने गुगलच्या संगणकांची मदत घेऊन हे सिद्ध केलं, आणि जगभर या विसाला देवाचा आकडा म्हणतात. माणसं वेगात जुळवतात ती वेगळ्या वाटेने. बरेचसे स्पर्धक जेसिका फ्रिडरिक यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरतात. तिच्यात फक्त शेवटच्या थरासाठी ५७ आणि २१ असे ७८ फॉर्म्युले आहेत. १९८२ मध्ये बुडापेस्टच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत मिन थाई यांनी २२.९५ सेकंदांत बाजी मारली होती. २०२३ मध्ये मॅक्स पार्क यांनी ३.१३ सेकंद लावले, आणि तोही विक्रम नंतर मोडला. पण मोठ्यांनाही मी आधी हीच सावकाश वाट सुचवते. तुकडा कुठून कुठे गेला हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

गेल्या मे महिन्यात तळमजल्यावरचा सहावीतला मुलगा शेवटच्या पायरीपर्यंत पोचला आणि तिथेच तीन दिवस अडकला. एकच कोपरा वाकडा उरायचा. चौकडी दोनदा केली की तो सरळ, पण खालचं सगळं उद्ध्वस्त. चौथ्या दिवशी क्यूब घेऊन वर आला. डोळे भरलेले. "काकू, मी एकही चूक केली नाही हो."

मी त्याला आणखी चार चौकड्या करायला सांगितल्या. खालचं जुळलं, कोपरा पुन्हा वाकडा झाला. "क्यूब पडला होता का?" विचारल्यावर म्हणाला, जिन्यात पडून तुकडे झाले होते, दादाने जोडून दिला. मग मी त्याच्या हातातच तो कोपरा धरायला लावला आणि म्हटलं, पीळ, घाबरू नकोस. त्याने अंगठ्याने जोर दिला. कट् असा आवाज झाला आणि सहाही बाजू एकरंगी झाल्या. तो त्या बाजू एकेक करून बघत राहिला. मग क्यूब माझ्याकडे देऊन म्हणाला, "आता नीट विस्कटून द्या. फक्त फिरवून."